चोर्ल्याचा चिखल

बेळगावकराला गोव्यात उतरायला मुख्य तीन वाटा. आंबोली, अनमोड आणि चोर्ला. आमचे घर पहिल्यापासून चोर्लेवाले. जांबोटी मागे पडली की झाडी रस्त्यावर वाकते, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी हात जोडायचे आणि घाट उतरून केरी-साखळीमार्गे पणजी गाठायची.

गेल्या जूनमध्ये याच वाटेने मुलाच्या पोलो जीटीतून निघालो. गाडी २०१६ ची, जुनीच घेतलेली, पण पांढरीशुभ्र आणि पायाखाली दाबली की उसळणारी. आदल्या रविवारी चिरंजीव मित्रांबरोबर जांबोटीकडच्या कच्च्या वाटेवर खेळून आले होते. दारांपर्यंत तांबडा चिखल वाळलेला. मी फडके घेऊन निघालो तर म्हणाला, "बाबा, असू दे. न मळलेली स्पोर्टी गाडी म्हणजे घडी न मोडलेला क्रिकेटचा ड्रेस. आणि पाऊस आहेच की धुवायला!"

माझा पक्ष उलटा. गाडी रोज सकाळी पुसलीच पाहिजे. त्यावर हिचा तिसरा पक्ष : "राकसकोपचं पाणी उन्हाळ्यात किती दिवसांनी आलं ते आठवा, मग बादली उचला." हिच्यापुढे दोघेही गप्प.

चोर्ल्यात पाऊस थांबला होता, पण धुके असे की पुढचे वळण दिसेना. अचानक मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. एक टेम्पो आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबला होता. केरीच्या चहाच्या गाड्यावर त्याचा चालक भेटला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, "तुमचे फाटले दिवे दिसनात." मुलाने जाऊन बघितले. लाल दिव्यांवर मातीचा पापुद्रा बसला होता. त्याने खिशातल्या रुमालाने दिवे पुसले. माझ्याकडे बघितले नाही, मीही काही बोललो नाही.

साखळी-डिचोलीत पूर्वी खनिजाच्या ट्रकांमुळे गाड्यांचा मूळ रंग ओळखू यायचा नाही. २०१२ ला खाणी थांबल्यावर तो त्रास खूप कमी झाला. असो.

परतताना सपाटीवर ऐंशीच्या पुढे गेलो की स्टेअरिंग थरथरू लागे. उद्यमबागेतल्या मेस्त्रीने चाक काढले आणि रिमच्या आतल्या अंगाला घट्ट बसलेला चिखल खरवडला. चांगला ओंजळभर निघाला. चाकाचा तोल त्यानेच बिघडला होता. दारांखालची पाणी निथळायची बारीक भोकेही बुजलेली. "इथं पाणी साठलं की गंज आतून चढतो," तो म्हणाला. मी विजयी मुद्रेने मुलाकडे पाहतो तोच मेस्त्रीने बॉनेटवर बॅटरी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे! "कोरड्या फडक्यानं कोण पुसतं?" जांभ्याची धूळ रंगावर घासणारा, अर्थात, मीच.

तेव्हापासून दोन बादल्यांचा तह आहे. चाके, मडगार्डची आतली बाजू, दिवे, काचा, नंबरप्लेट एवढेच धुवायचे. पत्र्यावरची धूळ राहिली तर राहू दे, पक्ष्यांची घाण मात्र लगेच भिजवून काढायची.

ऑगस्टमध्ये मुलगा गाडी घेऊन नोकरीला हैदराबादला गेला. मेस्त्रीने सांगितल्यापासून मी बॉनेटला हात लावला नव्हता. पोचल्यावर फोन आला, "बाबा, दिवे धुतले. चाकंही. दारांवरचा चोर्ला मात्र अजून तसाच ठेवलाय."