मेंदूवरचा शेक : पाच दिवस की दहा?

फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरून तेथे अनेक गाठी झाल्या की संपूर्ण मेंदूवर किरणोपचार केले जातात. रुग्ण आणि नातेवाईक ज्याला सरसकट ‘शेक’ म्हणतात तो हा उपचार किती दिवसांत विभागायचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याशी थेट निगडित असतो. शरीराने शोषलेली किरणमात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. दोन आठवड्यांत दहा वेळा मिळून 30 ग्रे किंवा एका आठवड्यात पाच वेळा मिळून 20 ग्रे, या दोन पद्धती विशेष रुळलेल्या असून, 1970च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचण्यांत अशा वेळापत्रकांमुळे आयुर्मानात लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही.

रुग्णाला मात्र फरक जाणवतो. गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार प्लास्टिकचा पत्रा चेहऱ्यावर ताणून त्याचा मुखवटा घडवतात आणि प्रत्येक वेळी तो टेबलाला घट्ट अडकवला की डोके तसूभरही हलत नाही. किरण लागताना काही दुखत नाही, यंत्राचे काम काही मिनिटांत आटोपते, पण सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनने झोप उडालेल्या, आधाराशिवाय उभे न राहू शकणाऱ्या माणसाला तेथवर नेण्या-आणण्यात अख्खा दिवस जातो. टाटा रुग्णालयातील उपचारांसाठी गावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कुटुंबाला तर एक आठवडा वाचणे ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून पाच दिवसांचा उपचार म्हणजे अर्धवट उपचार, हा समज काढून टाकायला हवा. त्याची मर्यादाही खरी आहे: एका वेळची मात्रा जितकी मोठी, तितकी चेतापेशींना उशिरा होणाऱ्या इजेची शक्यता अधिक, त्यामुळे दीर्घकाळ जगण्याची आशा असलेल्यांना लहान मात्रा अधिक दिवसांत देणे, किंवा गाठी मोजक्या असतील तर फक्त त्यांवरच किरण एकवटणारी रेडिओसर्जरी करणे श्रेयस्कर ठरते.

दुसऱ्या टोकाला, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वार्ट्झ’ या चाचणीत, शस्त्रक्रिया वा रेडिओसर्जरी शक्य नसलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या 538 रुग्णांपैकी पाच दिवसांचा शेक घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान 9.2 आठवडे, तर केवळ औषधे व शुश्रूषा मिळालेल्यांचे 8.5 आठवडे भरले आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. तेव्हा मुखवट्याचे माप देण्यापूर्वीच नातेवाइकांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे की शेक किती वेळा, तितकाच का, आणि तो दिलाच नाही तर काय होईल.