भाच्यासाठी चार कादंबऱ्या

शिफारस हा शब्द आमच्या कचेरीत फारशा आदराने उच्चारला जात नाही. केंद्र सरकारच्या कारकुनाने कागद पुढे सरकवावा, खाली ‘अवलोकनार्थ सादर’ असे लिहावे आणि मोकळे व्हावे; कशाची शिफारस करण्याइतके मत त्याला असेल अशी कोणाची अपेक्षा नसते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीने, “तुझ्या भाच्याला चार मराठी कादंबऱ्या सुचव, एवढा वाचत असतोस ना,” असे म्हटले तेव्हा आम्ही मनातून सुखावलो, हे कबूल केले पाहिजे.

भाचा तेरा वर्षांचा. तात्यापाऱ्यात वाढलेला, घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मैदानावर हिंदी व छत्तीसगढी बोलणारा. मराठी त्याला वाचता येत नाही असे नव्हे. परदेशातल्या मराठी घरांना लिपीपासून आरंभ करावा लागतो. आमच्याकडे हिंदीची लिपीही देवनागरीच. पण अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. अक्षर ओळखीचे, शब्दही ओळखीचा आणि अर्थ मात्र भलताच! ‘शिक्षा’ म्हटले की त्याला शाळा आठवते, आम्हांला छडी. (या दोहोंत फारसे अंतर नाही, असे तो म्हणतो, ते निराळे.) ‘संसार’ म्हणजे त्याच्या लेखी अवघे जग, आमच्या लेखी दोन खोल्या आणि किराण्याची यादी.

१९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि २००० साली छत्तीसगढचे झालो. घरे होती तिथेच राहिली. मराठी मात्र हळूहळू स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या बाजूला सरकत गेली. भाच्याला वरण, पोळी, आरती हे सारे मराठीत ठाऊक आहे; भांडण करावयाचे झाले की तो हिंदीत शिरतो. ज्या भाषेत मुलाला भांडता येत नाही, ती त्याच्यापाशी आणखी किती दिवस टिकणार? बहिणीला यादी हवी होती ती या धास्तीपोटी.

यादीत आम्ही पहिले नाव निःशंकपणे घातले, ते ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाविषयी शंका घेणे आम्हांला सुचणेच शक्य नव्हते. तिसऱ्या दिवशी भाच्याने ते परत आणून दिले. “मामा, चांगलं आहे. पण रोज रडायचं का?” आम्हांला राग आला. रात्री तेच पुस्तक घेऊन बसलो आणि चार पाने होतात न होतात तोच ध्यानात आले, की हे पुस्तक आम्ही स्वतः असे कधी वाचलेच नव्हते. ते आजीने वाचून दाखवले होते, दिवे गेलेल्या रात्री, मेणबत्तीपाशी. आम्ही शिफारस करीत होतो ती आजीच्या आवाजाची. तो आवाज भाच्याच्या वाट्याला कोठून येणार?

दुसरे नाव भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. फुरसुंगीचा हा पोरगा रायपुरातही तितक्याच वेगाने पळाला. चार दिवस घरात ‘ट्टॉक’ खेरीज दुसरे काही ऐकू येत नव्हते.

तिसरी ‘बनगरवाडी’. १९५५ साली प्रसिद्ध झालेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलाला माणदेशातील धनगरांची बोली झेपेल अशी आमची खात्रीही नव्हती. एक कोवळा मास्तर परक्या वाडीत येतो. शाळेत पोरे नाहीत, लोकांचा विश्वास नाही, आणि हळूहळू शाळेखेरीज सतराशे साठ कामे त्याच्याच गळ्यात पडतात. भाचा पंधरा-वीस पाने वाचून थांबेल असा आमचा होरा होता. तो थांबला नाही. त्याला वाडीतले सारे शब्द कळत होते असे नव्हे. पण मास्तरालाही वाडीतले सारे कोठे कळत होते? दोघे बरोबरीनेच चाचपडत निघाले.

एके संध्याकाळी तो पुस्तकात बोट घालून आमच्यापुढे उभा राहिला. “मामा, हा मास्तर शाळा तर चालवूनच राहिला ना? मग आणखी तालीम कशाला पाहिजे?”

हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. मुलाची शंका बिनतोड होती. आम्ही त्याला तांबडी माती सांगितली, लंगोट सांगितला, घुमणारे शड्डू सांगितले. तो ऐकून घेऊन निघून गेला. पुढे वाडीवर दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात. ती पाने वाचून झाल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सगळे गेले. मग त्या तालमीचं काय झालं?”

‘तालमीचं’ म्हणाला. हा शब्द त्याला आम्ही घोकवला नव्हता. आम्ही उत्तर दिले नाही. खरे म्हणजे देता आले नाही.

चौथे नाव मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चे. २००४ सालची ही कादंबरी नववीतल्या मुलाची, आणीबाणीच्या काळातली. प्रेमाची भानगड आहे म्हणून बहिणीने ती एक वर्ष थांबवली आहे. पुस्तक आमच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप नाही, एवढे येथे नमूद करतो.

श्रावणात भाच्याने आमच्या हाती एक हिंदी पुस्तक ठेवले: ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’. लेखक विनोद कुमार शुक्ल. ‘ज्ञानपीठ’ मिळालेला हा कादंबरीकार आमच्याच रायपूरचा. त्यांची मुलांसाठी लिहिलेली कादंबरी आम्ही पाहिलीही नव्हती! माधवराव सप्र्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, हे आम्ही मंडळाच्या कार्यक्रमांत किती वेळा अभिमानाने ऐकले असेल; पण शेजारचे पुस्तक उघडण्याची बुद्धी आम्हांला झाली नव्हती.

“आता तुम्ही वाचा,” भाचा म्हणाला. हिंदीतले आमचे वाचन कचेरीच्या परिपत्रकांवर पोसलेले. गवताच्या छपराखाली ते फार अडखळते. काल त्याने बहिणीदेखत विचारले, “मामा, किती पानं झाली?”

आम्ही खरे ते सांगितले. अकरा.