परक्या देशातील पौर्णिमा

परदेशी जाणाऱ्या श्रावकाला पहिली चिंता असते ती आहाराची. म्हणून बहुतेक जण आपला आचारी बरोबर असलेल्या सहलीतूनच जातात. आम्ही पोफळीची माणसे. शेजारच्या प्रवाशाची विचारपूस करीत एस.टी.ने कुंभार्ली घाट चढणारी. व्हिएतनामही तसाच पाहावयाचा ठरविले.

हनोईपासून हो चि मिन्ह शहरापर्यंत १७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. त्यावरील गाडीच्या साध्या डब्यात विक्रेता जेवण घेऊन आला. तेथे भाजीतही माशांचा आंबविलेला रस घालतात. आम्ही हात जोडून नकार दिला. समोरच्या आजींनीही नकार दिला आणि मोबाइलवरील दिनदर्शिका दाखविली. तेथील दिनदर्शिकेत तारखेखाली चांद्र दिवसही असतो. त्या दिवशी पंधरावा, म्हणजे पौर्णिमा होती. चांद्र मासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तेथील अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात. त्या आहारास ‘चाय’ म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. विहारांच्या रीतीने रांधणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. बटाटा, गाजर मात्र चालते. तेवढे विचारून घ्यावे लागते.

आजींनी पिशवीतील केळी आमच्या हाती ठेविली. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या आम्हांस त्यांची भाषा येत नव्हती, पण तिथी समजली. आपला नियम सांभाळूनही परक्या लोकांत मिसळता येते, हा धीर त्या डब्यात मिळाला. पुढे प्रत्येक गावी उतरताच आम्ही प्रथम ‘चाय’ची पाटी शोधीत असू.