समाधानाचा ताळेबंद

शासकीय सेवेत यश मोजण्याची मापे ठरलेली आहेत. पदोन्नती, नेमणुकीचे ठिकाण, पूर्वीचा गोपनीय अहवाल आणि आताचा कार्यमूल्यमापन अहवाल, झालेच तर निवृत्तीनंतरची एखादी नियुक्ती. समाधान मोजण्याचे माप मात्र कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. साहजिकच ज्याची नोंद होते त्याच्यामागे आपण धावतो आणि ज्याची होत नाही ते आयुष्याच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवतो.

या विषयाचा विचार करताना मला भिलाई आठवते. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. त्यामुळे विदर्भातील अनेक मराठी कुटुंबांना भिलाई कधी परकी वाटली नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणीतले लोहखनिज येथे येते आणि येथले रूळ देशभर जातात.

निवडणूक निरीक्षक म्हणून छत्तीसगडमध्ये असताना कारखान्याच्या एका निवृत्त मराठी कर्मचाऱ्यांशी परिचय झाला. मूळचे भंडाऱ्याकडचे. सर्व सेवा पाणीपुरवठ्यात, तीन पाळ्यांमध्ये गेलेली. सेवेतील सर्वांत मोठे यश कोणते, असे मी विचारले. ते म्हणाले, "साहेब, आमच्या पाण्याचं नाव दिवसभर कुणी काढलं नाही, की पाळी चांगली गेली म्हणायची."

हे उत्तर नम्रतेपोटी दिलेले नव्हते. ते तांत्रिक सत्य होते. झोतभट्टीचे कवच थंड ठेवायला आणि भट्टीतून निघणारा वायू धुवायला अखंड पाणी लागते. १२ जून २०१४ रोजी पंपगृहातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घसरला, विषारी कार्बन मोनॉक्साईडची गळती झाली आणि दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जण मृत्युमुखी पडले. त्या एका दिवसाची नोंद देशभर झाली. त्याआधीच्या हजारो दिवसांत दाब टिकून राहिला, त्याची बातमी कोण देणार?

प्रशासनातील बरेचसे चांगले काम याच जातीचे असते. न झालेली दंगल, वाडीत वेळेवर पोहोचलेला टँकर, गावाबाहेर न पसरलेली साथ. यासाठी पदक नसते. जो केवळ नोंदवलेल्या यशावर जगतो, त्याला अशा कामात रस उरत नाही. पुढे तो दिसणारीच कामे निवडू लागतो. माझ्या मते यशाच्या हव्यासाचा खरा तोटा मनःशांतीपेक्षाही हा आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर, एका महत्त्वाच्या पदासाठी माझे नाव बरेच दिवस चर्चेत होते. आदेश निघाला तो दुसऱ्याच्या नावाचा. त्याच आठवड्यात प्रलंबित फेरफारांचा आढावा होता. दीर्घकाळ अडलेली एका विधवा खातेदाराची वारस नोंद त्यात मंजूर झाली आणि तिचा पीककर्जाचा मार्ग मोकळा झाला. माझी चुटपुट त्यामुळे संपली असे म्हणणार नाही. पण त्या दोन आदेशांपैकी कोणता अधिक काळ लक्षात राहील, हे मला त्या दिवशीच कळले होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. समाधानाचा उपदेश बहुधा वरचा खालच्याला करतो. ज्याला किमान वेतनही पुरते मिळत नाही त्याला "समाधानी राहा" म्हणणे हा क्रूरपणा होय. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. त्यांच्या चळवळीतून, कामगारांच्या श्रमावर आणि पैशावर, १९८३ साली शहीद रुग्णालय उभे राहिले. त्या कामगारांनी परिस्थितीशी समाधान मानले असते तर ते झालेच नसते. म्हणून समाधानाची कसोटी स्वतःच्या हव्यासाला लावावी, दुसऱ्याच्या हक्काला नव्हे.

नव्या भिलाईची ओळख प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांचीही आहे. २०१६ साली आयआयटी सुरू झाली. कुटेलाभाठा येथील तिचे संकुल २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. त्या काकांची नातही परीक्षेची तयारी करत होती. ते तिला गुण विचारत नसत; आज नवे काय समजले, एवढेच विचारत. महत्त्वाकांक्षा त्यांनी मोडली नव्हती, फक्त तिचे माप बदलले होते.

हे माप बदलणे आपल्याही हाती आहे. आपण अहवाल लिहून घेतो तसे हाताखालच्यांचे अहवाल लिहितोही. महिनाअखेरीस आपल्या कार्यालयात काय सुरळीत चालले आणि ते कोणामुळे, याची टिपणी ठेवावी. वर्षाअखेरीस ती त्या लिपिकाच्या, तलाठ्याच्या, पंपचालकाच्या अहवालात उतरवावी. त्यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही.