बारीक अक्षरांतलं नाव

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा १९८२ सालचा अल्बम आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कॅसेटवर, सीडीवर नाहीतर मुलांच्या फोनवर आहेच. त्यातल्या 'बीट इट'मध्ये गिटार कोणाची, असं विचारलं की जाणकार चटकन एडी व्हॅन हेलन यांचं नाव घेतात. मधला तो गाजलेला सोलो त्यांचाच. पण ज्या ऱ्हिदम गिटारवर आणि बेसवर ते गाणं चालतं, ती वाजवली स्टीव्ह ल्यूकथर यांनी. त्यांचं नाव अल्बमवर आहे, पण बारीक अक्षरांत.

आमची धाकटी गिटार शिकते आणि कॉलेजातही संगीतच घ्यायचं म्हणते. म्हणून आम्ही दोघांनी या गृहस्थांची कारकीर्द जरा नीट पाहिली. वाटलं, आपल्या मंडळातल्या आणखी काही आईवडिलांच्या उपयोगी पडेल.

ल्यूकथर आपल्या इथल्याच सॅन फर्नांडो व्हॅलीतले, जन्म १९५७ चा. सात वर्षांचे असताना वडिलांनी गिटार आणि बीटल्सची एक रेकॉर्ड आणून दिली. सुरुवातीला ऐकून ऐकूनच शिकले. पुढे जिमी वायबल या जॅझ गिटारवादकांकडे रीतसर शिकवणी घेतली. ग्रँट हायस्कूलमध्ये पोर्कारो बंधू भेटले आणि १९७७ साली त्यांच्याबरोबर 'टोटो' हा बँड उभा राहिला.

बँड एकीकडे, आणि दुसरीकडे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला जाऊन वाजवणं, म्हणजे सेशनचं काम. ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं 'फिजिकल' (१९८१), डॉन हेन्लीचं 'डर्टी लाँड्री' (१९८२), लायनेल रिचीचं 'रनिंग विथ द नाइट' (१९८३), या तिन्ही गाण्यांत त्यांचा सोलो आहे. तिन्ही गायकांची तऱ्हा वेगळी आणि गिटारही दरवेळी वेगळी. आपल्याकडे चांगला तबलजी ख्यालाला एक वाजवतो आणि ठुमरीला दुसरं, तसंच हे.

'बीट इट'ची हकिगत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. सोलोची टेप बाकीच्या वाद्यांशी जुळेना. तेव्हा जेफ पोर्कारो यांनी गाणं आणि सोलो ऐकत ड्रम पुन्हा वाजवले आणि त्यावर ल्यूकथर यांनी गिटार आणि बेस नव्याने बसवला. आधी मोठे अँप्लिफायर लावून दणदणीत वाजवलं होतं. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ते फार झालं, म्हणून लहान अँपवर परत वाजवलं. शब्दाने वाद नाही. आम्हाला यातच त्यांचा मोठेपणा दिसला. हात तयार असूनही गाण्याला हवं तेवढंच द्यायचं, हे शिकवणीत सहसा सांगत नाहीत.

आता पैशाची बाजू. सेशनची बिदागी साधारण तीन तासांच्या हिशेबाने मिळते. गाणं गाजलं काय, पडलं काय, वादकाचा मेहनताना जवळपास तोच. रॉयल्टीची खरी कमाई गाणं रचणाऱ्याची. ल्यूकथर यांनी तेही केलं. जॉर्ज बेन्सन यांच्या 'टर्न युअर लव्ह अराउंड'चे ते एक रचनाकार. १९८३ साली त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, आणि त्याच समारंभात 'टोटो फोर' वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. नंतर काँप्युटर आला, घरोघरी स्टुडिओ झाले आणि लॉस एंजेलिसमधलं सेशनचं काम आटलं. ल्यूकथर टिकले ते बँड, दौरे, स्वतःची गाणी असे चारी बाजूंनी हात चालते ठेवल्यामुळे. २०१२ पासून ते रिंगो स्टार यांच्या बँडमध्येही वाजवू लागले. लहानपणी ज्यांच्या रेकॉर्डवर शिकले, त्यांच्याच शेजारी उभं राहून!

पुण्याहून आमच्या वन्सं फोनवर विचारतात, "अगं, पण नोकरीचं काय?" प्रश्न रास्त आहे. आपण इथे दोन बॅगा घेऊन आलो ते मुलांच्या पायाखाली घट्ट जमीन असावी म्हणून, आणि हा रस्ता घट्ट नाही. तेव्हा आम्ही धाकटीला होकार दिला, पण तीन गोष्टी मागून घेतल्या. नोटेशन वाचता आलं पाहिजे, रेकॉर्डिंगचं तंत्र शिकलं पाहिजे आणि स्वतःचं काहीतरी रचत राहिलं पाहिजे. ती म्हणाली, "आई, हे तर मी तुम्हाला सांगणार होते."

उद्या तिचं नाव छापून आलं, तर बहुधा बारीक अक्षरांतच येईल. आमच्याकडे चष्मे आहेत. आपल्यापैकी कोणाची मुलं या व्यवसायात असतील तर जरूर फोन करा. पहिल्या दोन-तीन वर्षांत घरभाडं कसं भागवलं, ते आम्हाला ऐकायचं आहे.