न बिघडल्याचं बिल

देखभालीसाठी पैसे मागणारा अर्ज मला अजून लिहिता येत नाही. नवं फीचर असलं की टप्पे, तारखा, रक्कम झरझर उतरतात. पण आमची ओपन सोर्स कोड-लायब्ररी मराठी शब्द वर्णक्रमानं लावते. दरवर्षी युनिकोडची नवी आवृत्ती आली, तरी ळ, क्ष, ज्ञ ह नंतरच राहिले पाहिजेत. राहिले, तर कुणालाच काही दिसत नाही. त्यासाठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी मर्ज करायला पाठवलेले बदल, नाकारण्यात रात्री जातात. त्या नकारांचा दर काय लावायचा?

ओपनएसएसएलचा दाखला सगळेच देतात, मीही देतो. 2014 मध्ये हार्टब्लीड ही त्यातली सुरक्षा-त्रुटी उघडकीला आली, तोवर अर्ध्या इंटरनेटची कुलपं सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या जेमतेम 2,000 डॉलर. बोंब झाली, मग लिनक्स फाउंडेशननं कंपन्यांकडून निधी उभा केला. जीएनयूपीजी हे एन्क्रिप्शनचं साधन सांभाळणाऱ्या वेर्नर कॉख यांची ओढाताण 2015 मध्ये छापून आली, तेव्हा कुठे फेसबुक आणि स्ट्राइप धावले. थोडक्यात, आधी काहीतरी फुटावं लागतं, नाहीतर रडावं लागतं. रडणं माझ्या अहंकाराला झेपत नाही.

टेराफॉर्मवाल्या हॅशिकॉर्पनं 2023 मध्ये ओपन सोर्स परवाना बदलून बंधनं घातली, तेव्हा मी चारचौघांत तावातावानं बोललो. दहा हातांनी वाढलेल्या घराला एकानं कुलूप लावायचं? आजही राग आहे. पण त्या रागात 'आपण बुवा फुकट करतो' हा तोराही होता.

तो तोरा माझ्या जोडीला काम करणाऱ्या मुलीनं उतरवला. कोड ती माझ्याहून नेटका लिहिते. नोकरी धरताना म्हणाली, "सर, तुम्ही फुकट करता, म्हणून मलाही कुणी विचारत नाही." आता ती फक्त रविवारी असते.

तसे देखभालीच्या निधीचे दरवाजे आता उघडलेत. जर्मनीचा 2022 मधला सॉव्हरिन टेक फंड चक्क त्यालाच पैसे देतो. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधानं 2024 मध्ये वर्षाला 10 लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला. मागणी फंडिंग डॉट जेसन नावाच्या फाइलीत मांडायची. त्या मुलीनं फाइल करून दिली, रक्कम माझ्यावर सोडली. मी तिच्या आताच्या पगाराएवढा आकडा टाकला आणि माझ्या कामापुढे 'विनामोबदला' लिहिलं.

रविवारी तिनं तो शब्द खोडून फाइल परत पाठवली. शेरा एवढाच: "सर, हे मर्ज होणार नाही."