पत्ता कुठून मिळाला?

२००६ साली नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर आम्ही दोघा भावांनी एक खोली भाड्याने घेतली. दोन संगणक, एक प्रिंटर आणि जिन्यापाशी ‘वेबसाइट तयार करून मिळेल’ अशी पाटी. खाली दिवसभर गिऱ्हाइकांची झुंबड. वर मात्र कुणी चढत नसे. चुकून कुणी चढलेच तर झेरॉक्स कुठे मिळेल, एवढे विचारून परत जाई.

आमचे संभाव्य गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार आणि चाटी गल्लीतले व्यापारी. मालकाची भेट मिळणे कठीण. म्हणून टपालाने पत्रे पाठवायचे ठरवले. साध्या पत्राला तेव्हा पाच रुपयांचे तिकीट लागे, पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळे. पाकिटात एक पत्र, वेबसाइटचे नमुन्याचे रंगीत पान आणि आमचा पत्ता घातलेले पोस्टकार्ड. उत्तर देणाऱ्याच्या खिशाला तोशीस नको, हा हिशेब.

टपालातून धंदा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हती. व्ही.पी.ची सोय १८७७ पासूनची. माल घरी यायचा आणि पैसे पोस्टमनच्या हातावर ठेवायचे. अमेरिकेतल्या एड मेयर यांनी या धंद्याचे एक गणित मांडले होते : यशाचे चाळीस टक्के यादीवर, चाळीस टक्के आपण काय देऊ करतो त्यावर आणि मजकूर, सजावट, छपाई वगैरे सगळे मिळून उरलेले वीस टक्के. आम्ही ते उलटे केले. पत्राची सजावट करण्यात महिना घालवला, तीही इंग्रजीत. यादी मात्र नव्हतीच.

तेवढ्यात ओळखीचा एक मुलगा वही घेऊन आला. तो एका पेढीत हिशेब लिहायचा. तिथल्या रजिस्टरातून त्याने शेकडो पत्ते उतरवून घेतले होते. मालकाचे नाव, दुकानाचे नाव, पेठ, फोन, सगळे. दोन हजार मागितले. आम्ही पंधराशे दिले. खोलीचे भाडे दोन महिने थकले होते. आमच्या मनात प्रश्न आला नाही असे नाही. आला, पण त्याला बसायला सांगितले नाही.

पहिली चाळीस पत्रे टाकली. पाचव्या दिवशी फोन वाजला. चाटी गल्लीतले एक वयस्क व्यापारी. आवाज शांत.

“तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला?”

“टेलिफोन डिरेक्टरीतून घेतला, शेठ.”

“माझ्या नावातलं मधलं अक्षर तुम्ही चुकीचं लिहिलंय. अशी चूक एकाच पेढीच्या वहीत आहे. मी त्यांना दोनदा सांगितलं, त्यांनी दुरुस्त केली नाही. डिरेक्टरीत नाव बरोबर आहे.”

आम्ही गप्प. त्यांनीही रागावून काही म्हटले नाही. फोन ठेवला.

रात्री जेवताना अब्बांना सांगितले. अब्बा तीस वर्षे यंत्रमागावर जॉबर. पत्र काय, वेबसाइट काय, त्यांना फारसे ठाऊक नव्हते. सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पता भी अमानत होता है, बेटा. जिस को दिया, उसी के पास रहना.” त्यांचा घास हातातच राहिला होता. अम्मींनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी वही परत केली. पंधराशे बुडाले. त्या व्यापाऱ्यांना माफीचे पत्र लिहिले. उत्तर आले नाही. यायचे कारणही नव्हते.

मग आम्ही पायी निघालो. चाटी गल्ली, टिळक चौक, मधला मारुती, कोंतम चौक. पाट्या वाचायच्या, नाव उतरवायचे, आत जाऊन विचारायचे, “पत्र पाठवलं तर चालेल का?” काहींनी हाकलले. काहींनी चहा पाजला. तीन आठवड्यांत साठ पत्ते जमले. पत्र आता मराठीत होते आणि त्याची पहिली ओळ अशी : ‘मंगळवारी आम्ही आपल्या दुकानी आलो होतो, पत्ता आपणच दिलात.’ नमुन्याच्या पानावर त्यांच्याच दुकानाचे नाव आणि त्यांच्याच मालाचा फोटो. साठ पाकिटांतले एकही परत आले नाही. चार पोस्टकार्डे आली. चारातले एक काम झाले. टॉवेलचा छोटा कारखाना, पाच पानांची वेबसाइट. त्या पैशांत थकलेले भाडे फिटले, बाकी काही उरले नाही. पण त्या कारखानदाराने पुढे आणखी दोघांना आमच्याकडे पाठवले.

आता पाकिटे कुणी पाठवत नाही. दिवसभर मोबाइलवर संदेश येतात. प्लॉट घ्या, कर्ज घ्या. नंबर कुणी दिला, हे विचारायला समोर माणूसच नसतो. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा, संमती घ्या, असा त्याचा गाभा. वाचताना आम्हाला अब्बांचा थांबलेला घास आठवला.

ते व्यापारी पुढे बरीच वर्षे दुकानात बसत. चाटी गल्लीतून जाताना आम्ही पलीकडच्या बाजूने जायचो. एकदा नजरानजर झाली. त्यांनी मान हलवली. ओळखले म्हणून की सवयीने, ते आम्हाला कळले नाही. जाऊन सलाम करावा, असे वाटले. केला नाही. ती बाकी अजून आमच्या नावावर आहे.